आयफोन १६ घेऊ का गॅलक्सी एस२५? काम शिरोली एमआयडीसीत, फोन एकच ठेवायचाय

उचगावची:

नमस्कार मंडळी, महिनाभर व्हिडिओ बघून बघून डोकं फिरायची वेळ आलीय म्हणून शेवटी इथं विचारतेय. मी शिरोलीत एका मशीनशॉपमध्ये क्वालिटीला आहे. आमच्याकडं फाउंड्र्यांकडनं कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, येतात, मशीनिंग करून पुढं जातात, आणि मशीनिंग झाल्यावर आतनं ब्लो होल, म्हणजे ओतताना हवा अडकून झालेलं छिद्र, निघाला की फोटो काढ, खडूनं मार्किंग कर, फाउंड्रीला पाठव, मग त्यांचा फोन, मग आमच्या साहेबांचा फोन, हे दिवसातनं दहा वेळा. आठवड्यातनं दोनदा गोकुळ शिरगावला, कधी कागलच्या फाइव्ह स्टार एमआयडीसीला, आणि हे सगळं गाडीवरनं. कंपनी सिम देते, हँडसेट ज्याचा त्यानं घ्यायचा.

आत्तापर्यंत दोन फोन होते, एक कामाचा एक घरचा, दोन्ही दिवसभर ॲप्रनच्या खिशातच. कामाचा गेल्या महिन्यात गेला. आधी स्पीकरचा आवाज बारीक झाला, मग चार्जिंगच्या पिनेत काय झालं कुणास ठाऊक, बंदच पडला. आता ठरवलंय एकच चांगला घ्यायचा आणि पाच-सहा वर्षं परत दुकानाची पायरी चढायची नाही. बजेट सत्तर, फार ताणलं तर पंच्याहत्तर. हात लहान आहेत त्यामुळं मोठे फोन बाद. उरले दोन, आयफोन १६ आणि सॅमसंगचा एस२५.

नवऱ्याकडं आयफोन आहे, तो म्हणतो डोळे झाकून तोच घे. मुलगी साडेतीन वर्षांची, एका जागी थांबत नाही, आणि तिचे गेल्या दोन वर्षांतले माझ्या फोनमधले जवळपास सगळे फोटो धूसर आहेत. त्याचं मला खरंच वाईट वाटतं, ती वर्षं काय परत येणार नाहीत. त्यामुळं कॅमेरा महत्त्वाचा. पण कामाला दोन सिम, कॉल रेकॉर्डिंग आणि टिकाऊपणा पण तेवढाच लागतो. कोणी धुळीत, कारखान्यात यातला एखादा वापरलाय का? एसीत बसून केलेल्या तुलनेवर माझं काही ठरेना झालंय.


रंकाळ्यावरचा:

ताई, मी आयफोन १६ वापरतोय, पेशानं फोटोग्राफर आहे, कॅमेरा वेगळा असतो पण घरचं सगळं फोनवरच. लहान मुलांच्या व्हिडिओसाठी मी आयफोनच सांगेन. पोरगं रंकाळ्यावर संध्याकाळी पळतंय, मागं सूर्य बुडतोय, तरी चेहरा काळा पडत नाही आणि रंग उगाच भडक होत नाहीत. दुसरं म्हणजे नवऱ्याकडं आयफोन आहे तर एअरड्रॉपनं दोघांच्या फोनमधले फोटो एका मिनिटात इकडं तिकडं, व्हॉट्सॲपवर पाठवून क्वालिटी मारायची गरज नाही.

तुमच्या कामाच्या दृष्टीनं एक गोष्ट, १६ मध्ये मॅक्रो आलंय. १५ मध्ये नव्हतं, ते आधी फक्त प्रोमध्ये मिळायचं. अगदी दोन-तीन सेंटिमीटरवरनं फोटो घेता येतो, त्यामुळं ते बारीक छिद्र वगैरे स्पष्ट येईल. स्क्रीन ६० हर्ट्झची आहे हे मात्र खरं, एस२५ ची १२० आहे, स्क्रोल करताना फरक कळतो, पण मला त्याचं काही अडत नाही.

अपडेटची काळजी नको. २०१९ च्या आयफोन ११ ला २०२५ चं आयओएस २६ मिळालंय, म्हणजे तुमची पाच-सहा वर्षं आरामात. किंमतपण १६ आला तेव्हा ७९,९०० होती, १७ आल्यावर कंपनीनं ६९,९०० केली.


गोशिमा_वाला:

ताई मी गोकुळ शिरगावला फाउंड्रीत डिस्पॅचला हाय, म्हंजे तुम्ही ज्यास्नी फोन करून रिजेक्शन सांगताय त्या बाजूचा माणूस. एस२५ वापरतोय, लई समाधानी हाय.

बघा, दोन सिम ही पहिली गोष्ट. आपल्याकडं मिळणाऱ्या आयफोन १६ मध्ये खरं सिम एकच बसतं, दुसरं ईसिम, म्हंजे कार्ड न घालता फोनमध्येच चालू होणारं सिम, करावं लागतं. एस२५ मध्ये दोन्ही खरी सिम बसत्यात आणि ईसिमची सोय वेगळी हायच. कंपनीचं सिम ईसिम करायचं म्हटलं तर ते कंपनीच्या नावावर, म्हंजे ऑफिसातनं कोण तरी अर्ज करणार, मग ते होणार, तुमच्या हातात काय न्हाई.

दुसरं रेकॉर्डिंग. सॅमसंगच्या आपल्या फोन ॲपमध्ये ऑटो रेकॉर्ड चालू करून ठेवलं की विषय संपला. आयफोनला पण आता हाय, आयओएस १८.१ पास्नं, पण प्रत्येक कॉलला बटण दाबायचं आणि मग दोघांनाबी ऐकू जातं की कॉल रेकॉर्ड व्हायलाय. फाउंड्रीच्या मालकाला ते ऐकू गेलं की तो गप्पच बसतोय बघा, मी रोज त्यांच्यातच बसतो.

आणि सात वर्षं अपडेट लिहून दिल्यात. एस२४ ला आपल्याकडं एक्झिनॉस प्रोसेसर होता, एस२५ ला सगळ्या जगाला स्नॅपड्रॅगन प्रोसेसर हाय. तवा चिंता करू नका.


शाहूपुरी_हिशेब:

वरच्या दादांच्या रेकॉर्डिंगच्या मुद्द्यावर थोडं बोलतो. समोरच्याला न सांगता रेकॉर्ड करणं मला पटत नाही, व्यवहार वर्षानुवर्षांचा असतो, एकदा कळलं की विश्वास गेला. फाउंड्रीला सरळ सांगून टाका की आमचे कॉल रेकॉर्ड होतात, आणि बोलणं झालं की दोन ओळींचा मेसेज टाका, हीट नंबर (माल कुठल्या ओतणीतला त्याचा नंबर), नग किती, कधी बदलून देणार. वादाच्या वेळी तो मेसेज जास्त कामाला येतो.

बाकी मी हिशेबाची कामं करतो म्हणून एक विचारतो, घरात कोणाची जीएसटी नोंदणी असलेली फर्म आहे का? मोबाईलवर १८ टक्के जीएसटी आहे. ६९,९०० च्या फोनमध्ये साडेदहा हजारांच्या वर नुसता कर असतो. फोन खरोखर फर्मच्या कामाला असेल तर फर्मच्या नावानं बिल घेऊन तो वजा मिळतो, घरच्या वापराचा भाग मात्र सोडावा लागतो. तुम्ही नोकरीत आहात, तुमच्या कामासाठी कंपनीनंच फोन घेऊन तुमच्याकडं द्यावा असं साहेबांना एकदा विचारून बघा. विचारायला काय जातंय.


राजारामपुरीतला_रिपेअरवाला:

वाचत होतो, पण स्पीकर बारीक झाला आणि मग चार्जिंग गेलं हे वाचून लिहावंसं वाटलं. एमआयडीसीतले फोन माझ्याकडं भरपूर येतात आणि दहातले निम्मे याच तक्रारीचे. ताई, तो फोन कुठल्या कंपनीचा होता हे मी विचारणारच नाही, कारण हे सगळ्या कंपन्यांच्या फोनला होतं.

स्पीकरमध्ये चुंबक असतं. तुमच्याकडच्या हवेत बिडाचा आणि ग्राइंडिंगचा बारीक लोखंडी चुरा असतो. तो जाळीवर ओढला जातो, चिकटतो, थर बसत जातो, आवाज दबतो. आयपी६८ दोन्ही फोनला आहे, धूळ आत जाणार नाही हे बरोबर, पण जाळी बाहेरच्या बाजूला आहे, ती भरणारच. आणि चार्जिंगच्या पिनेत तोच चुरा गेला की शॉर्ट होतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. संध्याकाळी घरी जाताना कामगार एअर गन घेऊन अंगावरची धूळ उडवतात ना, तीच गन फोनला मारतात. कृपा करून हे करू नका. त्या दाबानं चुरा आत ठोकला जातो आणि माइकचा पडदा फाटतो. स्वच्छ कोरडा मऊ ब्रश, नाहीतर चिकटपट्टी जाळीवर हलकी दाबून उचलायची, आठवड्यातनं एकदा, बास. चार्जिंगच्या भोकाला रबरी झाकण मिळतं, ते लावा.

मॅगसेफचा मुद्दा कोणी काढला नाही म्हणून सांगतो. आयफोन १६ च्या पाठीत चुंबकांचं कडं आहे. ऑफिसात ती सोय आहे, मशीनशॉपमध्ये त्याच कड्यावर चुरा गोळा होतो, कव्हर आणि फोनच्या मधे गेला की पॉलिश पेपरसारखा घासत बसतो. एस२५ च्या पाठीत असं कडं नाही, पाहिजे असेल तर चुंबकवालं कव्हर घालायचं, नको असेल तर साधं. तुमच्या जागेसाठी हा फरक मला बारीक वाटत नाही.

फोन गाडीच्या हँडलला लावत असाल तर तेही बंद करा. मोटारसायकलच्या इंजिनच्या थरथरीनं कॅमेऱ्याची स्थिर ठेवणारी यंत्रणा खराब होऊ शकते असं ॲपलनंच २०२१ मध्ये सांगितलंय, आणि ती यंत्रणा एस२५ मध्येही आहे.

आणि एक शंका. मुलीचे फोटो धूसर येतात म्हणताय. दुसरा फोनही दिवसभर ॲप्रनच्या खिशात असतो ना? त्याच्या लेन्सवर कूलंटचा, म्हणजे मशीनिंग करताना सोडतात त्या तेलपाण्याचा, तेलकट थर असणार. ॲप्रनला पुसला की तेल नुसतं पसरतं. चष्म्याच्या कापडावर दोन थेंब आयसोप्रोपिल अल्कोहोल टाकून हलक्या हातानं पुसा आणि मग बघा. बऱ्याच जणांचा कॅमेरा खराब नसतोच.


पंचगंगाकाठ:

सिमवरनं आठवलं ते सांगते, कारण ताई उचगावच्या आहेत आणि काम शिरोलीत, दोन्हीकडं पुराची झळ बसते. २०१९ ला हायवे शिरोलीजवळ बंद होता, २०२१ ला परत तेच. आमच्या घरात पाणी आलं तेव्हा माझा फोन भिजून बंद पडला. सिम काढलं, सासूबाईंच्या साध्या बटणाच्या फोनमध्ये घातलं, आणि पुढचे चार दिवस त्याच फोनवर माहेरच्यांना आम्ही सुखरूप आहोत हे कळत होतं. ईसिम असतं तर काय केलं असतं हा विचार माझ्या मनातनं जात नाही. ईसिम दुसऱ्या फोनवर घ्यायला इंटरनेट पाहिजे, दुसरा फोन त्या सोयीचा पाहिजे, आणि सिम बदलून घेतलं की पहिले २४ तास मेसेज बंद, म्हणजे ओटीपी नाही, बँक नाही.

आयफोन घेतलात तरी घरचा नंबर खऱ्या सिमवर ठेवा आणि कामाचा ईसिम करा, उलटं करू नका. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटाला इशारा पातळी झाली की आमच्या गल्लीत आता सगळे पहिल्यांदा पॉवर बँका भरून घेतात, मग ४३ फुटाची धोका पातळी येईपर्यंत बाकीची आवराआवर.


रंकाळ्यावरचा:

मॅगसेफ आणि सिमचं पटलं. माझं काम स्वच्छ जागी असतं त्यामुळं हे डोक्यातच आलं नव्हतं. तरी ताई, कॅमेरा लोकांचं ऐकून ठरवू नका. रिजेक्शनमधला एक छोटा तुकडा पर्समध्ये घालून दुकानात न्या आणि डिस्प्लेच्या दोन्ही फोनवर त्याचाच फोटो काढा. एस२५ च्या अल्ट्रावाइडला (रुंद दृश्य घेणाऱ्या लेन्सला) ऑटोफोकस नाही त्यामुळं तसं मॅक्रो होणार नाही, पण त्याला ३एक्सची टेलिफोटो, म्हणजे तिप्पट जवळ आणणारी लेन्स, आहे जी १६ ला नाही. तुम्हाला कुठलं उपयोगी पडतंय ते हातात घेतल्याशिवाय कळणार नाही. आणि मुलीला पण घेऊन जा.

आणखी एक, आयफोन घेतलात तर जुन्या अँड्रॉइडमधलं व्हॉट्सॲप नव्या फोनचा सेटअप करतानाच मूव्ह टू आयओएस ॲपनं आणायचं. गूगल ड्राइव्हचा बॅकअप आयफोनवर उघडत नाही. गडबडीत सेटअप पुढं नेलात तर सगळं परत पुसून पहिल्यापासनं करावं लागेल.


उचगावची:

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं तपशिलात कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. काल रविवारी जाऊन आले म्हणून सविस्तर लिहिते, पुढं कुणाला तरी उपयोग होईल.

एक बेअरिंग कॅप घेऊन गेले, मशीन केलेल्या फेसवर बारीक पोरॉसिटी, म्हणजे बारीक छिद्रं, असलेला. पहिल्या दुकानातल्या माणसानं डिस्प्लेच्या फोनला हात लावू दिला नाही, वर म्हणाला घरात आयफोन आहे तर विचार कसला करताय. तिथनं निघाले. दुसऱ्या दुकानात पोरगा चांगला होता, त्यानं स्वतः तुकडा उजेडात धरला. आयफोनच्या मॅक्रोनं छिद्रं अगदी मोजता येतील अशी आली, ते बघून क्षणभर तोच घ्यावा वाटलं. पण एवढ्या जवळ गेलं की फोनची सावली त्या चकाकत्या फेसवरच पडते, फोन तिरका केला की निम्मा भाग फोकसच्या बाहेर. एस२५ वर ३एक्स लावून हातभर लांबनं काढला तर सावली नाही, चकाकी कमी, आणि खडूचं मार्किंग आणि हीट नंबर एकाच फोटोत. फाउंड्रीला मला तसाच फोटो पाठवायचा असतो. छिद्र किती मोठं आहे हे मोजायला आमच्याकडं वेगळी साधनं आहेत.

मुलीचे व्हिडिओ दोन्हीवर घेतले, ती दुकानभर पळत होती. आयफोनचा थोडा जास्त आवडला, खोटं कशाला सांगू. पण तो घरात एक आहेच आणि रविवारी नवरा घरीच असतो.

तर एस२५ घेतला. सिम दोन्ही खरी. साहेबांना विचारलं, फोन नाही पण वर्षाला थोडी रक्कम देऊ म्हणालेत, त्याबद्दल हिशेबवाल्या दादांचे वेगळे आभार. रेकॉर्डिंग चालू केलंय आणि आज सकाळीच दोन्ही फाउंड्र्यांना तसं सांगून टाकलं. एकजण हसला, म्हणाला बरं झालं, आमचा पण पुरावा राहील. रबरी झाकण मागवलंय, साधं कव्हर घातलंय.

आणि रिपेअरवाले दादा, घरचा जुना फोन तुम्ही सांगितलं तसा पुसला. कापडावर पिवळट तेल आलं. मग मुलगी गॅलरीत आजीबरोबर शेंगा फोडत बसली होती तिचा फोटो काढला, तिच्या गालावरचा शेंगेचा कण न् कण दिसतोय. मी तो फोटो नव्या फोनवर वॉलपेपर लावलाय.