मदत हवी आहे: चरा पडलेल्या व्हीसीडीतला आवाज मोबाईलवर कसा घ्यावा?

नमस्कार मंडळी. गावच्या सप्ताहात वडिलांनी केलेल्या कीर्तनांच्या ३ व्हीसीडी घरी आहेत. वडील आता नाहीत. आईला त्यांचा आवाज रोज मोबाईलवर ऐकायचाय. चित्र नसलं तरी चालेल.

डिस्कवरच्या एमपीईजीएव्ही फोल्डरमधल्या डॅट फायली (चित्र-आवाजाच्या फायली) व्हीएलसी या प्लेअरमध्ये उघडून दोन डिस्कची एमपीथ्री केली, छान झाली. तिसरीवर मात्र बाहेरच्या कडेला चरा आहे. डिस्क आतून बाहेर वाचली जाते, म्हणून नेमका शेवटचा अभंग अडकतो. टाळ वाजतात, वडील "विठ्ठल" म्हणायला लागतात आणि कॉपी थांबते.

खराब भाग पुन्हापुन्हा वाचून जमेल तेवढं काढणारं सॉफ्टवेअर कुणी वापरलंय का? शिवाय मूळ आवाज २२४ केबीपीएस एमपीटू (एमपीथ्रीसारखाच, पण जुना ऑडिओ प्रकार) आहे. तो एमपीथ्री न करता जसाच्या तसा वेगळा काढला, तर अँड्रॉइडवर वाजेल का?