शुगर लो झाल्याने हार्टला धोका असतो का? वडिलांसाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, दोन रात्री झोप नाहीये, त्यामुळे लिहिताना काही मागंपुढं झालं तर सांभाळून घ्या. माझे वडील, आम्ही अण्णा म्हणतो, वय ७१, डायबिटीस वीस वर्षांपासून, चार वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी होऊन एक स्टेंट बसवलाय. ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि व्होग्लिबोज तिन्ही एकत्र असलेली शुगरची गोळी सकाळ-संध्याकाळ चालू आहे, शिवाय हार्टसाठी मेटोप्रोलोल, बाकी रक्त पातळ राहायची आणि कोलेस्टेरॉलची आहेतच.

परवा एकादशी होती. अण्णांनी दिवसभर नुसतं दूध आणि दोन केळी खाल्ली, पण गोळ्या मात्र दोन्ही वेळच्या घेतल्या, कारण गोळी चुकवायची नाही हे डोक्यात पक्कं बसलंय. रात्री तीनला आईला जाग आली तर यांचा बनियन पिळून काढावा इतका ओला, उशी भिजलेली, आणि मी धावत गेले तर मला आत्याच्या नावाने हाक मारली. ग्लुकोमीटरवर ४८. चार चमचे साखर पाण्यात विरघळवून घोट घोट पाजली, पंधरा मिनिटांनी बघितलं तर ५३ च, मग अजून साखर, मध, हाताला लागेल ते दिलं तेव्हा कुठे पाऊण तासाने ८९ आली.

सकाळपासून म्हणतायत की छातीत मधेच ठोका चुकल्यासारखं होतंय. ईसीजी काढला, तो ठीक आहे. डॉक्टर म्हणाले उपवास बंद करा, बस. मागच्या महिन्यात एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ६.१ आलं तेव्हा आम्ही सगळ्यांनी त्यांची पाठ थोपटली होती हो! मला एवढंच कळत नाहीये की साखर इतकी देऊनही चढली का नाही, हात थरथरले का नाहीत, आणि याचा त्यांच्या हार्टवर काही परिणाम होतो का?

प्रतिसाद १
ताई, आधी साखरेचं सांगतो कारण ते आज रात्रीच कामाला येईल. व्होग्लिबोज साखर फोडणारं एन्झाइम आतड्यात अडवतं, म्हणून ही गोळी चालू असताना घरातली साखर फार हळू चढते. मधाने फरक पडला असणार, त्यात ग्लुकोज सुटाच असतो. साध्या ग्लुकोज पावडरचा पुडा उशाशी ठेवा, ७० च्या खाली गेली की तीन चमचे पाण्यातून, पंधरा मिनिटांनी परत तपासा. शुद्धीत नसतील तर तोंडात काहीही घालू नका, थेट १०८ लावा.

थरथर दिसली नाही ती मेटोप्रोलोलमुळे. ते धडधड आणि थरथर झाकून टाकतं, घाम मात्र येतो, म्हणून घाम हीच तुमची घंटा समजा. ही गोळी मनाने बंद करू नका, स्टेंट आहे.

आता हार्ट. साखर कोसळली की शरीर अ‍ॅड्रेनलिन सोडतं, हृदयाला जास्त काम पडतं, रक्तातलं पोटॅशियम खाली जातं आणि ईसीजीतला क्यूटी, म्हणजे एका ठोक्यानंतर हृदयाला पुढच्यासाठी तयार व्हायला लागणारा वेळ, लांबतो, त्यातून ठोके अनियमित होऊ शकतात. नंतर काढलेल्या ईसीजीत ते दिसेलच असं नाही. अमेरिका-कॅनडातल्या अ‍ॅकॉर्ड नावाच्या मोठ्या अभ्यासात दहा हजारांवर लोक होते, एचबीए१सी ६ च्या खाली आणायचा प्रयत्न केलेल्या गटात मृत्यू जास्त झाले म्हणून २००८ मध्ये ती ट्रीटमेंट मधेच थांबवली. लो शुगर हेच कारण असं काही सिद्ध झालं नाही, पण तेव्हापासून वयस्कर आणि हार्टच्या पेशंटला टार्गेट थोडं सैल ठेवतात. त्यामुळे अण्णांचं ६.१ बघून मला तरी आनंद होत नाहीये.

प्रतिसाद २
किडनीसाठीची क्रिएटिनिनची रक्ततपासणी करून घ्या. किडनी मंद झाली की ग्लिमेपिराइडचा असर लांबतो, माझ्या सासूबाईंचं तेच झालं होतं, डोस कमी केल्यावर रात्रीचा घाम थांबला.

धागाकर्ती
खूप खूप आभार दोघांचे. व्होग्लिबोजचं आम्हाला आजवर कुणीच सांगितलं नव्हतं. उद्या सकाळी कार्डिओलॉजिस्टकडे जातोय, रात्रीचं सगळं रीडिंग वेळेसकट वहीत लिहून घेतलंय, ठोक्यांसाठी चोवीस तास ईसीजी नोंदवणारा होल्टर लावायचा का तेही विचारते. ग्लुकोजचा डबा आईच्या उशाशी आहे. अजून एक, दंडावर लावतात तो शुगरचा सेन्सर कुणी वापरलाय का? रात्री लो झाली की अलार्म खरंच इतका जोरात वाजतो का, की शेजारच्या खोलीत झोपलेल्या माणसाला जाग येईल? आईला कमी ऐकू येतं.