पाचटाच्या धुरात गाडीचं रडार चालतं का? आणि बर्फात? सल्ला हवा

होटगी_रोडवाला: नमस्कार मंडळी. घर सोलापुरात, काम टेंभुर्णीला. हंगाम सुरू झाला की रात्री येताना दोन गोष्टी ठरलेल्या: कडेच्या शेतात पेटवलेलं पाचट आणि टेललाइट नसलेली उसाची ट्रॉली. नवीन गाडी बघतोय, पुढे काही आडवं आलं की रडारने ओळखून आपोआप ब्रेक लावणारी. सेल्समन म्हणतो, "धुरात रडारला सगळं दिसतं साहेब." खरंय का? जानेवारीत मनालीलाही जायचंय, म्हणून बर्फाचंही विचारतो.

चार_मिलिमीटर: धुराबद्दल तो खरं बोलला. गाडीचं रडार ७७ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतं, लाटेची लांबी साधारण ४ मिमी. धुराचे बहुतेक कण मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या, आतबाहेर. एवढ्याशा कणांनी लाटेला काही होत नाही. उजेड मात्र त्यांच्यावरच विखुरतो, म्हणून डोळा आणि कॅमेरा दोन्ही आंधळे.

पण दादा, खरी गोम पुढे आहे. उभी ट्रॉली रडारला दिसते, गाडी ती मानेलच असं नाही. रडार वेग मोजतं, आणि उभी ट्रॉली, पाटी, पूल त्याला सारखेच स्थिर. प्रत्येक पाटीला ब्रेक लागू नये म्हणून बऱ्याच गाड्या, विशेषतः जास्त वेगात, अशा वस्तू कॅमेऱ्याने दुजोरा दिल्याशिवाय सोडून देतात. आणि धुरात कॅमेरा तर गेलेलाच. चालती ट्रॉली सापडेल, पंक्चर होऊन थांबलेली कदाचित नाही.

होटगी_रोडवाला: अरे बापरे. नेमकी तीच तर असते की ओ रस्त्यात! आणि बर्फ?

चार_मिलिमीटर: कोरडा भुरभुरीत बर्फ फारसा त्रास देत नाही. पाणी सुटलेला ओला बर्फ लाट शोषतो. त्यातही हवेतल्यापेक्षा बंपरवर, रडारच्या झाकणावर थापला गेलेला वाईट. "रडार बंद" असा मेसेज आला की थांबून पुसायचं. कडक ब्रशने खरवडू नका.

गॅरेजवाले_काका: बर्फ लांब राहिला. माझ्याकडे दसऱ्यानंतर एक गाडी आली, मेसेज जाईना. पुढच्या लोगोवर झेंडूचा ओला हार! लोगोमागेच रडार. हार काढला, तक्रार संपली. पैसे काय घेणार, चहा पाजला त्याने. पुढे लोखंडी गार्डही बसवू नका.

होटगी_रोडवाला: शोरूमला फोन केला. मधल्या मॉडेलला नुसता कॅमेराच आहे, रडार वरच्या मॉडेलला. सेल्समनला हे माहीतच नव्हतं.

गॅरेजवाले_काका: वरचं घेतलंत तरी धूर दिसला की चाळीसवर या.