अमेरिकी अध्यक्षीय निवडणूक: एका राज्याचा अंदाज बांधताना वजन पक्षनिष्ठेला द्यायचं की मतदानाच्या टक्क्याला?

शून्यांश:
एक्सेलमध्ये सोपा हिशेब मांडलाय: पक्षनिहाय नोंदणी (यादीत कोणत्या पक्षाचे किती मतदार) × मतदानाचा टक्का × पक्षनिष्ठा (त्यातले किती आपल्याच पक्षाला मत देतात). पण २०१६ ला मिशिगन १०,७०४ मतांनी फिरलं आणि २०२० ला जॉर्जिया ११,७७९ मतांनी. फरक इतका बारीक असताना चूक नेमकी कुठून शिरते?

तराजू:
आधी कल्पित आकडे घालून बघा. १० लाख मतदार धरा: डेमोक्रॅट ४ लाख, रिपब्लिकन ३.८ लाख, स्वतःला अपक्ष म्हणवणारे २.२ लाख. मतदान अनुक्रमे ७०, ७४ आणि ६० टक्के. डेमोक्रॅटांची ९४ टक्के मतं घरात, ५ टक्के समोर. रिपब्लिकनांची ९५ आणि ४. अपक्ष ५० टक्के डेमोक्रॅटला, ४६ रिपब्लिकनला, उरलेली इतरांना. रिपब्लिकन उमेदवार १,४१२ मतांनी पुढे येतो.

आता डेमोक्रॅटांचं मतदान ७० चं ७१ टक्के करा. फरक ३,५६० मतांनी हलतो आणि निकालच उलटतो. त्याऐवजी निष्ठा ९४ ची ९३ करून तो एक टक्का समोर पाठवा, फरक ५,६०० ने हलेल. मतदार घरी बसला तर एका मताचा फटका, फुटून पलीकडे गेला तर दोन मतांचा. म्हणजे टक्क्यामागे वजन निष्ठेला जास्त. पण प्रत्यक्षात निष्ठा क्वचितच ढळते आणि मतदान बरंच खालीवर होतं, त्यामुळे दोन्ही रकाने तितकेच जपून भरायचे.

दशांश:
तुमची अडचण त्याच्या आधीच सुरू होते. मिशिगन आणि जॉर्जिया, दोन्हीकडे मतदार यादीत पक्षाची नोंदच नसते. विस्कॉन्सिनमध्येही नाही. (आपल्याकडच्या यादीसारखंच.) पेनसिल्व्हेनिया, ॲरिझोना, नेवाडा, नॉर्थ कॅरोलिनात ती मिळते. बाकी ठिकाणी सर्वेक्षणावरच भिस्त.

आणि नोंद मिळाली तरी ती शिळी असू शकते. केंटकीत २०२२ पर्यंत नोंदणीत डेमोक्रॅट जास्त होते, पण २००० पासून तिथे प्रत्येक अध्यक्षीय निवडणूक रिपब्लिकनांनी जिंकली. माणसं मत बदलतात, अर्ज बदलायला जात नाहीत. नोंदणीला निष्ठा समजलात तर अशा राज्यात हिशेब पार कोलमडेल.

शून्यांश:
मग अपक्षांचं काय करू? सरळ निम्मे-निम्मे वाटू?

दशांश:
अजिबात नको. सर्वेक्षणात दुसरा प्रश्न असतो: 'त्यातल्या त्यात कोणत्या पक्षाकडे कल?' कल सांगणारे बहुतेक जण त्या पक्षाच्या मतदारासारखंच मत देतात. त्यांना त्या-त्या रकान्यात हलवा, निष्ठा थोडी कमी धरून. खरोखर कुंपणावर बसलेले थोडेच उरतात, आणि त्यांचं मतदानही कमी असतं.

यातच एक फसवी गोष्ट लपलेली आहे. २०२० च्या मतदानोत्तर चाचणीत डेमोक्रॅट ३७, रिपब्लिकन ३६, अपक्ष २६ टक्के होते. २०२४ ला ३१, ३५, ३४. दोन्ही वेळा पक्षनिष्ठा मात्र ९४-९५ टक्क्यांच्या आसपासच. नाराज माणूस आधी स्वतःला अपक्ष म्हणवू लागतो, त्यामुळे निष्ठेचा आकडा जागचा हलत नाही आणि मतं मात्र निसटलेली असतात. निष्ठा बघताना पक्षाचा वाटा आक्रसतोय का, ते शेजारच्या रकान्यात ठेवाच.

तराजू:
मतदानाच्या टक्क्याबद्दल. भाजक तपासा: १८ वर्षांवरील सगळी लोकसंख्या धरलीत तर त्यात नागरिक नसलेलेही येतात. पात्र मतदार धरले तर २०१६ ला सुमारे ६० टक्के, २०२० ला ६६, २०२४ ला ६४. 'मतदान वाढलं की डेमोक्रॅटांचा फायदा' हे जुनं गृहीतक २०२४ ने खोटं पाडलं, ते सूत्रात कोंबू नका.

'नक्की मत देणार' असं सांगणाऱ्यांतले बरेच जण येत नाहीत. मतदार यादीत कोणाला मत दिलं ते नसतं, पण मत दिलं की नाही ते असतं. गेल्या तीन-चार निवडणुकांची ती नोंद तोंडी उत्तरापेक्षा भरवशाची.

राज्यांच्या चुका सुट्या धरू नका. २०१६ ला मिशिगन, विस्कॉन्सिन, पेनसिल्व्हेनिया मिळून ७८ हजारांहून कमी मतांनी गेली आणि तिन्हीकडचे अंदाज एकाच बाजूला चुकले. कमी शिकलेले मतदार नमुन्यात कमी आले होते आणि अनेक राज्य-चाचण्यांनी शिक्षणानुसार वजनच दिलं नव्हतं, म्हणजे कमी आलेल्या गटाची उत्तरं त्याच्या खऱ्या प्रमाणाइतकी वाढवून धरली नव्हती. म्हणून एकदाच उत्तर न काढता, अंदाज किती चुकू शकतो ते दर वेळी बदलत दहा हजार वेळा हिशेब फिरवा. प्रत्येक फेरीत आधी देशभराची एक चूक चिठ्ठी उचलल्यासारखी काढा, ती सगळ्या राज्यांना लावा, मग वर राज्याची स्वतःची छोटी चूक घाला. उत्तर 'कोण जिंकेल' असं न येता शंभरात किती वेळा, असं येईल.