शब्दचर्चा: ‘डुप्लिकेट’ व्हॉल्यूम, डिस्कमधली ‘एरर’ आणि बॅड सेक्टर

मूळ प्रश्न

मामांच्या डेस्कटॉपला पेन ड्राइव्ह लावला की फाइलींच्या खिडकीच्या डाव्या पट्टीत तो दोनदा दिसायचा, एकदा संगणकाच्या नावाखाली आणि एकदा सुटा. मामांनी ओळखीच्या दुरुस्तीवाल्याला फोन केला. ‘‘काळजी करू नका, डुप्लिकेट आहे,’’ असं उत्तर मिळालं. मामा नीटनेटके. त्यांनी त्या डुप्लिकेटात शिरून मावशीच्या साठीशांतीचे सगळे फोटो पुसले, मग मूळ ड्राइव्ह उघडला. तोही रिकामा.

पेन ड्राइव्हवरून पुसलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जात नाही. मामांनी घाबरून तो लगेच काढून ठेवला, त्यावर नवं काही लिहिलं गेलं नाही, म्हणून रिकव्हरी प्रोग्रॅमने बरेच फोटो परत दिले. नावं मात्र गेली. आता नुसते आकडे आहेत, आणि मावशी एकेक फोटो उघडून हा कुठला, तो कुठला ते सांगत बसते.

दुरुस्तीवाला खोटं बोलला नव्हता. गफलत शब्दाने केली. ‘डुप्लिकेट’ मराठीत येऊन दोन अर्थांनी स्थिरावला आहे. डुप्लिकेट चावी खरी असते, कुलूप उघडते. डुप्लिकेट पार्ट मात्र खोटा, टाकून द्यायचा. दोन्ही अर्थांत वस्तू दोन आहेत. मामांच्या पडद्यावर वस्तू एकच होती आणि दिसत होती दोनदा. त्यासाठी आपल्याकडे चोख शब्द आहे: दुबार. मतदार यादीत नाव दुबार लागतं तेव्हा माणूस एकच असतो. ‘‘मामा, ती दुबार नोंद आहे’’ एवढं कुणी म्हटलं असतं तर त्यांचा हात थांबला असता, अशी माझी खात्री आहे.

मी वाचनालयात ज्येष्ठांसाठी संगणकाचं एक पत्रक लिहिते आहे. त्यासाठी तीन शब्दांवर मदत हवी आहे: ‘डुप्लिकेट व्हॉल्यूम’ (व्हॉल्यूम म्हणजे संगणकाला एक ड्राइव्ह म्हणून दिसणारी साठवणीची जागा), ‘डिस्क एरर’ आणि ‘बॅड सेक्टर’ (डिस्कचा खराब झालेला तुकडा). ‘त्रुटी’ नको, असं आधीच सांगते. मराठीत त्रुटी म्हणजे उणीव. अर्जात त्रुटी असते तेव्हा काहीतरी जोडायचं राहिलेलं असतं. एरर या अर्थाने तो हिंदीतून आलाय आणि ऐकणाऱ्याला काहीच सांगत नाही.

प्रतिसाद: दुरुस्तीचं काम करणारा, कोल्हापूर

ताई, दुबार पटलं. पण सगळीच प्रकरणं दुबार नसतात. गिऱ्हाईक ‘‘दोन-दोन दिसायलंय’’ म्हणून येतं तेव्हा मला आधी वेगळं करावं लागतं.

जुन्या हार्ड डिस्कची जशीच्या तशी नक्कल एसएसडीवर घेतली आणि दोन्ही एकाच मशिनला लावल्या, की दोन्हींची ओळखसंख्या एकच निघते. विंडोज अशा वेळी त्यातली एक ऑफलाइन, म्हणजे बंद ठेवतं, कारण म्हणून सिग्नेचर कोलिजन, म्हणजे ओळखसंख्यांची टक्कर दाखवतं. लिनक्सवर एक्सएफएस ही फाइली मांडायची पद्धत असेल तर त्याच यूयूआयडीचा, म्हणजे ओळखसंख्येचा, दुसरा व्हॉल्यूम माउंटच होत नाही, उघडतच नाही, ‘नोयूयूआयडी’ हा पर्याय द्यावा लागतो. इथं वस्तू खरोखर दोन आहेत, दोन्ही खऱ्या. त्यांना आम्ही जुळी म्हणतो. जुळ्यांची भानगड अशी की आज काम केलं एकीवर आणि उद्या मशिन सुरू झालं दुसरीवरून, तर आजची फाइल दिसतच नाही. माणूस म्हणतो फाइल उडाली.

प्रतिसाद: धागा काढणारी

दादा, ‘जुळी’ घेतलंच. मग मॅकवरचे दोन प्रकार मी मांडते.

२०१९ च्या कॅटलिनापासून मॅकच्या डिस्क युटिलिटीत ‘मॅकिंटॉश एचडी’ आणि ‘मॅकिंटॉश एचडी - डेटा’ अशी दोन नावं दिसतात. पहिल्यावर नुसती प्रणाली असते आणि ती फक्त वाचायची. दुसऱ्यावर तुमचं सगळं: फोटो, पत्रं, हिशेब. फाइली बघायच्या फाइंडरमध्ये दोन्ही मिळून एकच दिसतात. ही जोडी आहे, जातं आणि खुंटा असतो तशी. इथे ‘एक डुप्लिकेट आहे, काढून टाका’ हा सल्ला सगळ्यांत घातक, कारण नावावरून उपरी वाटते ती ‘डेटा’वाली, आणि घर तिच्यातच आहे. कुणी फक्त पहिली पुसून प्रणाली नव्याने घातली, की जुनी ‘डेटा’ तशीच राहते आणि शेजारी नवी येते. मग यादी आणखी गोंधळाची होते. कुठलीही काढण्याआधी उघडून आत काय आहे ते बघावं.

दुसरा प्रकार मला फार महत्त्वाचा वाटतो. बाहेरची डिस्क ‘बॅकअप’ नावाने लागते तेव्हा ‘व्हॉल्यूम्स’ नावाच्या फोल्डरात तिची जागा तयार होते. डिस्क निघाल्यावर ती जागा पुसली जायला हवी. पण एखादा प्रोग्रॅम डिस्क नसतानाही त्याच पत्त्यावर लिहीत राहिला तर तिथे साधं फोल्डर उरतं, नाव तेच ‘बॅकअप’. खरी डिस्क परत लावली की तिला नाव मिळतं ‘बॅकअप १’. म्हणजे खरा धनी आला तर गादीवर दुसराच बसलेला. माणूस समजतो बॅकअप बाहेरच्या डिस्कवर होतोय, प्रत्यक्षात भरत असते आतलीच डिस्क. याला मराठीत एकच शब्द शोभतो: तोतया. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंच्या नावाने जो उभा राहिला त्याच्यामुळे हा शब्द आपल्याला शिकवावा लागत नाही.

तर दुबार, जुळी, जोडी, तोतया. चौघांचा इलाज वेगळा. दुबारला हात लावायचा नाही, जुळ्यांपैकी एक काढून कपाटात ठेवायची, जोडी तोडायची नाही, आणि तोतयाच्या पोटातल्या फाइली आधी खऱ्या डिस्कवर नेऊन मगच त्याला हटवायचं.

प्रतिसाद: भाषांतरकार, पुणे

शब्द आवडले, पण ‘व्हॉल्यूम’चं काय करणार? आवाज, घनफळ, ग्रंथाचा खंड हे तिन्ही अर्थ आधीच डोक्यात असतात. मी बरीच वर्षं ‘खंड’ लिहीत आले. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ गुंडाळी, लिहिलेल्या कागदाची वळकटी. तिथून तो पुस्तकाकडे आणि पुस्तकाकडून टेपच्या रिळांवरून डिस्ककडे आला. त्यामुळे खंड चुकीचा नाही. पार्टिशनला ‘विभाजन’ आणि व्हॉल्यूमला ‘खंड’ ठेवावं.

प्रतिसाद: निवृत्त तलाठी, सातारा जिल्हा

मला संगणकातलं बेताचंच समजतं, पण वाचता वाचता वाटलं की ही मंडळी माझ्याच दप्तराबद्दल बोलताहेत.

एरर म्हणता, ती नोंदीतली आहे की जमिनीतली? सातबाऱ्यावर क्षेत्र चुकीचं चढलं, वारसाची नोंद राहिली, तर जमीन जागेवर शाबूत असते. फेरफार घालून दुरुस्ती होते. पण नदीने काठ खाल्ला तर मी कितीही कागद रंगवले तरी माती परत येत नाही. डिस्कलाही असंच असणार.

आणि तो बॅड सेक्टर. आमच्याकडे गटातलं जे क्षेत्र लागवडीला येत नाही, खडक, ओढा, नाला, ते पोटखराबा म्हणून वेगळं दाखवतात. जमीन गटातच राहते, पण पिकात धरत नाहीत.

प्रतिसाद: धागा काढणारी

काका, हे वाचून मी उठून दोन चकरा मारल्या. नेमकं हेच आहे.

विंडोजचं चेकडिस्क ‘एफ’ खुणेने चालवलं तर ते फक्त दप्तर तपासतं: कुठली फाइल कुठे आहे ती नोंद जुळते का. वीज गेली, ड्राइव्ह न सांगता ओढून काढला, की बिघडतं ते बहुतेक हेच. ‘आर’ खुणेने चालवलं तर ते रानात उतरतं आणि डिस्कचा प्रत्येक तुकडा वाचून बघतं. वाचता येत नाही तो तुकडा एनटीएफएस, म्हणजे विंडोजची फाइली मांडायची पद्धत, एका खास फाइलीच्या नावावर चढवतं, म्हणजे पुन्हा कुणाला वाटपात मिळू नये. हा पोटखराबाच झाला. तुकडा डिस्कवरच राहतो, पण त्यावर पीक घेत नाहीत.

म्हणून पत्रकात ‘डिस्क एरर’ असा एक शब्द मी वापरणारच नाही. ‘नोंदीतली चूक’ आणि ‘डिस्कचा पोटखराबा’ असे दोन लिहीन. हा फरक कळला तर लोक उगाच फॉरमॅट मारणार नाहीत. नोंदीतली चूक असेल तर दुरुस्ती करून संगणक पुढे चालतो. पोटखराबा वाढत असेल तर आधी फाइली दुसरीकडे काढायच्या, दुरुस्तीचं नंतर बघायचं.

प्रतिसाद: दुरुस्तीचं काम करणारा, कोल्हापूर

शेवटचं वाक्य ठळक छापा, ताई. मरायला टेकलेल्या डिस्कवर लोक ‘आर’ लावून रात्रभर सोडतात. डिस्क प्रत्येक खराब तुकडा पुन्हा पुन्हा वाचत बसते आणि सकाळी संगणकाला ती ओळखूच येत नाही. आधी नक्कल, मग तपासणी.

काकांसाठी एक भर. डिस्कजवळ राखीव तुकडे असतात. एखादा तुकडा बिघडला की ती गुपचूप राखीवातला देते, पत्ता जुनाच ठेवते. धरणात गेलेल्याला पर्यायी जमीन मिळते तसं. किती दिले याचा आकडा स्मार्टच्या, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते त्या यादीत पाच क्रमांकाला बघायला मिळतो, आणि १९७ ला निकालाची वाट बघणारे. आकडा एकदा दिसून स्थिर राहिला तर नजर ठेवावी. आठवड्याआठवड्याला चढत असेल तर नवी डिस्क आणा.

प्रतिसाद: भाषांतरकार, पुणे

मग मीही माझा ‘खंड’ थोडा मागे घेते. मॅकवर २०१७ पासून एपीएफएस ही फाइली मांडायची पद्धत आहे. त्यात एका कंटेनरमधले, म्हणजे एकाच मोठ्या कप्प्यातले, व्हॉल्यूम मोकळी जागा सामाईक वापरतात, त्यामुळे दोन्हींपुढे मोकळ्या जागेचा एकच आकडा येतो आणि लोकांना ती नक्कल वाटते. ‘खंड’ म्हटलं की तुकडे पडल्याचा भास होतो. तिथे तुकडे पडलेलेच नसतात. काका, याला दप्तरात काय म्हणाल?

प्रतिसाद: निवृत्त तलाठी, सातारा जिल्हा

खातेफोड झाली असेल तर ज्याचा त्याचा हिस्सा वेगळा. झाली नसेल तर सामाईक क्षेत्र. दोन भावांची नावं एका खात्यावर, आणि दोघंही सांगणार ‘‘आमची पाच एकर’’. बेरीज करून दहा धरायची नाही.

प्रतिसाद: धागा काढणारी

‘सामाईक जागा’ घेतली. व्हॉल्यूमला पत्रकात ‘व्हॉल्यूम’च ठेवते, कारण पडद्यावर तोच शब्द दिसणार आणि माणसाने त्यावरच बोट ठेवायचं आहे. सेक्टरला भूमितीच्या पुस्तकात ‘वर्तुळपाकळी’ आहे. शब्द देखणा आहे, पण एसएसडीत चकतीच नसते, म्हणून तो सोडते.

पहिली प्रत काल मामांना वाचून दाखवली. ‘दुबार’पाशी त्यांनी मला थांबवलं, चष्मा काढला आणि म्हणाले, ‘‘हे पहिल्या ओळीत घे.’’ घेतलं आहे.