सक्ती नेमकी कोणावर? मुलांच्या शिक्षणाविषयी सोलापूरकरांचे अनुभव

16 एप्रिल 2025 रोजी मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा सक्तीची करणारा शासन निर्णय निघाला, 17 जूनला त्यात बदल झाला आणि 29 जूनला दोन्ही निर्णय मागे घेण्यात आले. त्या अडीच महिन्यांत आमच्या घरी रात्रीच्या जेवणाला रोज हाच विषय असे, आणि माझ्या लक्षात आले की ‘सक्ती’ हा एकच शब्द आम्ही दोन अगदी वेगळ्या अर्थांनी वापरत होतो. माझे सासरे गिरणीत बदली कामगार होते. सक्तीचे शिक्षण म्हणजे गरिबाच्या पोराला कोणी दारातून परत पाठवू शकत नाही, असा त्यांचा अर्थ. माझ्या मुलीच्या लेखी सक्ती म्हणजे तिला न विचारता तिच्यावर टाकलेले ओझे.

आपल्याकडे ही मागणी मुळात लोकांनी सरकारकडे केलेली होती. महात्मा फुल्यांनी 1882 मध्ये शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे निवेदन देऊन प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, असे सांगितले. गोखल्यांनी 1911 मध्ये त्यासाठी विधेयक मांडले आणि ते पुढच्या वर्षी फेटाळले गेले. शाहू महाराजांनी मात्र 1917 मध्ये करवीर संस्थानात ते करून दाखवले. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यातही ‘सक्तीचे’ या शब्दाचा खुलासा वाचला, तर ती सक्ती शासनावर आहे: 6 ते 14 वर्षांच्या प्रत्येक मुलाला प्रवेश देणे, त्याची हजेरी आणि शिक्षण पूर्ण होणे, ही शासनाची बांधिलकी. पालकाचे कर्तव्य सांगितले आहे, पण त्याला दंड नाही. मग शासनावरची ही सक्ती मुलावर, पालकावर आणि शिक्षकावर कशी सरकत गेली, आणि कुठे ती खरोखर हवीच होती, हे मला समजून घ्यायचे आहे. ऐकीव मते नकोत. आपल्या घरात किंवा वर्गात घडलेले लिहावे, आणि शाळांची व व्यक्तींची नावे टाळावीत, एवढीच विनंती.

शिक्षिका, सेटलमेंट परिसर

माझ्या आजोबांचा जन्म तारेच्या कुंपणाच्या आत झाला. इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्या जमातींना जन्मापासून गुन्हेगार ठरवले, त्यांतील अनेक कुटुंबांना सोलापुरात सेटलमेंटमध्ये आणून ठेवले होते. मोठी माणसे गिरण्यांत कामाला जात, त्यांची ठरलेल्या वेळी हजेरी होई, आणि परगावी मयतीला जायचे असले तरी आधी पास काढावा लागे. मुलांना मात्र शाळा सक्तीची होती. आजोबा शाळा चुकवून ओढ्यावर गेले, तर संध्याकाळी पणजोबांना बोलावणे येई, आणि त्या बोलावण्याची भीती पोराच्या अभ्यासाच्या काळजीपेक्षा कितीतरी मोठी असे.

आजोबा त्या शाळेविषयी कधी एका सुरात बोलले नाहीत. तिथे ते लिहायला शिकले, पाढे शिकले, आणि गिरणीच्या फाटकावर लावलेली नोटीस इतरांना वाचून दाखवू शकणारे ते मोजक्यांपैकी एक होते. याचा त्यांना अभिमान होता. पण आपल्या वडिलांची हजेरी आणि आपली हजेरी एकाच सरकारच्या वहीत लागत होती, हे ते शेवटपर्यंत विसरले नाहीत. 31 ऑगस्ट 1952 रोजी तो कायदा रद्द झाला. आमच्या वस्तीत आजही तो दिवस पाळतात.

माझ्या शिक्षणाच्या वेळी जातीचा दाखला काढायचा होता. विमुक्त जातींसाठी, म्हणजे त्या कायद्यातून सुटलेल्या आमच्यासारख्यांसाठी, 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा पुरावा मागतात. ज्यांच्या नावावर जमीन नाही, घर नाही, खरेदीखत नाही, त्यांनी कोणता कागद आणायचा? वडिलांनी तीन महिने खेटे घातले. अखेर आजोबांच्या जुन्या शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये एक ओळ सापडली: नाव, जात, जन्मतारीख. त्या उताऱ्यावर मला दाखला मिळाला, त्या दाखल्यावर डी.एड.ला प्रवेश मिळाला, आणि आज मी शिक्षिका आहे.

म्हणून शिक्षणात सरकार नकोच, असे कोणी म्हटले तर मला ते पटत नाही, आणि सरकार करील ते मुलांच्या भल्याचेच, असे म्हटले तर माझ्या पोटात गोळा येतो. मी वर्गात हजेरी घेते तेव्हा प्रत्येक नाव घेऊन मुलाकडे बघते, आणि गैरहजर मुलाच्या घरी स्वतः जाते. बोलावणे पाठवत नाही.

यंत्रमाग कामगार, पूर्व भाग

मी टॉवेलच्या कारखान्यात आहे, पत्नी विड्या वळते, घरात तेलुगू बोलतो. कारखान्यातून पाने आणि तंबाखू आणायची, मांडीवर सूप घेऊन विड्या वळायच्या, आणि दुसऱ्या दिवशी माल जमा करायचा. आमच्या गल्लीत आईला हातभार लावण्यासाठी सहावी-सातवीत शाळा सुटलेल्या मुली आम्ही लहानपणापासून पाहिल्या आहेत; माझी थोरली बहीण त्यांपैकीच एक. तिच्या बोटांचा वेग अजूनही पाहण्यासारखा आहे, आणि सही करताना तीच बोटे अडखळतात. त्या वेळी वडिलांच्या निर्णयात कोणी हात घातला असता, तर आमच्या घराच्या स्वातंत्र्यावर घाला आला, असे मी म्हटले नसते.

शिक्षण हक्क कायद्याने गरीब आणि वंचित मुलांसाठी राखलेल्या, विनाअनुदानित खासगी शाळांतील 25 टक्के जागांच्या सोडतीत 2016 मध्ये माझ्या मुलीचा नंबर लागला. शाळा चांगली होती, शिकवणे चांगले होते. परंतु पहिल्याच पालकसभेत आमच्यासारख्यांसाठी ‘फुकटवाले’ हा शब्द मी कानांनी ऐकला, आणि सहलीच्या दिवशी मुलगी घरी राहिली. तरीही ती तिथे टिकली आणि शिकली. कायदा नसता तर त्या फाटकाच्या आत आम्ही पाऊल ठेवले नसते.

मुलाच्या वेळी वेगळेच घडले. फेब्रुवारी 2024 मध्ये राज्याने नियम बदलला: ज्या खासगी शाळेपासून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे, तिला या 25 टक्क्यांतून सूट. पूर्व भागासारख्या दाट वस्तीत एक किलोमीटरच्या आत अशी शाळा नसणार, हे जवळजवळ अशक्यच आहे. आमच्या यादीतून खासगी शाळा नाहीशा झाल्या. मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने या बदलाला स्थगिती दिली आणि 19 जुलैला तो रद्द केला, पण तोवर शाळा सुरू झाली होती आणि मुलगा पालिकेच्या शाळेत बसू लागला होता.

इथे जे घडले ते मला मुद्दाम नोंदवावेसे वाटते. नंतर खासगी शाळेची संधी पुन्हा दिसत असतानाही आम्ही त्याला हलवले नाही. पालिकेच्या शाळेतल्या बाई त्याच्याशी अधूनमधून तेलुगूत बोलतात, तो घरी येऊन बडबडतो, आणि त्याला कोणी फुकटवाला म्हणत नाही. पण तो निर्णय आमचा होता. फेब्रुवारीत तोच निर्णय आमच्यासाठी दुसऱ्या कोणी घेतला होता, तेव्हा मला रात्री झोप लागली नव्हती.

निवृत्त मुख्याध्यापिका, कन्नड माध्यम, अक्कलकोट तालुका

हिंदीच्या वादात आमच्या मुलांचा उल्लेख फारसा कोणी केला नाही. कन्नड माध्यमातील मूल पहिलीपासून कन्नड, मराठी आणि इंग्रजी अशा तीन भाषा शिकतच असते. माझ्या वर्गात मराठीच्या पुस्तकातील भाकरीच्या चित्राकडे बोट दाखवले की सगळा वर्ग ‘रोट्टी’ म्हणून ओरडायचा, आणि आधी ‘रोट्टी’ मान्य करून मग ‘भाकरी’ शिकवली, तर दिवाळीपर्यंत मुले दोन्ही शब्द सहज वापरत. जी शिक्षिका आधी ‘चूक’ म्हणते, तिच्याकडे मूल दोन्ही भाषांत गप्प बसते. भाषा किती, यापेक्षा ती कशी आणि कोणाच्या तोंडून येते, हे महत्त्वाचे असते, असे माझे पस्तीस वर्षांचे मत आहे.

मे 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकाच्या खटल्यात निकाल दिला की मुलाची मातृभाषा कोणती हे पालक ठरवतील आणि राज्याला प्राथमिक शाळेत मातृभाषेचे माध्यम लादता येणार नाही. मी त्या निकालाने दुखावले होते. त्यानंतर आमच्या गावात इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाड्या येऊ लागल्या, आमचा पट घसरला, पट घसरला म्हणून पदे कमी झाली, आणि शिक्षक कमी म्हणून उरलेले पालकही निघाले. मी पालकांना दोष देत नाही. ज्या शाळेत दोन शिक्षक चार वर्ग सांभाळतात, तिथून मूल काढून नेणाऱ्या आईला मातृभाषेचे महत्त्व सांगायला माझी जीभ उचलली नाही.

शिवणकाम करणारी आई, विडी घरकुल

सोलापूर गणवेशांचे गाव आहे. आमच्या हातचे गणवेश परराज्यांतल्या शाळांतही जातात. मी जिल्हा परिषदेच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीत आहे. या समितीत 75 टक्के पालक आणि निम्म्या महिला असाव्यात, असे कायदाच सांगतो, आणि गणवेशाचे पैसे आमच्याकडे येत तेव्हा आम्ही कापड निवडत होतो, रंग ठरवत होतो, एकेका मुलाचे माप घेत होतो.

2024 मध्ये ‘एक राज्य एक गणवेश’ आले. आकाशी शर्ट, गडद निळी पँट, साऱ्या राज्यात एकच. आमच्या शाळेत गणवेश उशिरा आले, आणि आले ते मापाचे नव्हते. चौथीतल्या एका धिप्पाड मुलाला शर्टाची बटणे लागेनात आणि दुसरीतल्या मुलीची बाही बोटांच्या खाली जाई. मी आणि आणखी दोघींनी घरच्या मशीनवर त्यांतले बरेच उसवून पुन्हा शिवले. गणवेश शिवणाऱ्यांच्या शहरातली मुले ढगळ कपड्यांत शाळेत जातात, हे पाहून मला फार वाईट वाटले. डिसेंबर 2024 मध्ये ते अधिकार पुन्हा समित्यांना मिळाले. आपल्या मुलाच्या खांद्याचे माप कोण घेणार, एवढाच प्रश्न होता, आणि त्यासाठी एक वर्ष गेले.

पालक, होटगी रस्ता

माझ्या मुलाला अक्षरे ओळखणे फार जड जात होते. शाळेत तो रोज रडत जाई. तिसरीनंतर आम्ही त्याला घरी शिकवू लागलो. 2009 च्या कायद्यात घरी शिकवण्याचा वेगळा उल्लेख नाही, त्यामुळे आपण काही बेकायदा करत आहोत की काय, ही धास्ती पहिले वर्षभर होती. पुढे राज्य मुक्त विद्यालय मंडळाची पाचवीची परीक्षा देता येते हे समजले आणि जीव भांड्यात पडला. तो आता वाचतो, हळू वाचतो, आणि आवडीने वाचतो.

परंतु एक गोष्ट लपवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. आमचे पाहून नात्यातल्या एकांनी सातवीतल्या मुलीची शाळा थांबवली, आणि विचारणाऱ्याला ‘ती पण घरीच शिकते’ असे सांगू लागले. घरात पुस्तक नव्हते, स्थळे मात्र येऊ लागली होती. शाळेतल्या बाईंनी चौकशी केली, कायद्याचा धाक घातला, तेव्हा ती परत वर्गात बसली. मला माझ्या मुलासाठी जी मोकळीक हवी आहे, तीच त्या मुलीच्या वडिलांना मिळाली असती, तर काय झाले असते? याचे उत्तर मला अजून सापडलेले नाही. निदान वर्षातून एकदा कोणीतरी येऊन मुलाशी, पालकाशी नव्हे, बोलावे, एवढे बंधन मी आनंदाने मान्य करीन.

शिक्षक, माळशिरस तालुका

वरच्या शिक्षिकाताईंनी हजेरीविषयी लिहिले, म्हणून थोडे लिहितो. कारखाने सुरू झाले की ऊसतोडीच्या टोळ्या येतात आणि आम्ही कोप्यांवर, म्हणजे त्यांच्या तात्पुरत्या झोपड्यांवर, जाऊन मुले शोधतो. गावाकडच्या शाळेकडून शिक्षण हमी पत्रक (स्थलांतर करणाऱ्या मुलाचे शिक्षण चालू राहावे म्हणून दिलेला कागद) घेऊन आलेले मूल सरळ वर्गात बसवता येते. पत्रक नसले तरी आम्ही बसवतोच. आईबाप पहाटे उसाच्या फडात जातात आणि धाकट्या भावंडाला सांभाळायला मोठीला मागे ठेवतात, त्यामुळे अनेकदा दोघे एकत्रच शाळेत येतात. आम्ही त्या लहानग्याला कोपऱ्यात निजवतो.

मात्र संच मान्यतेत, म्हणजे पटावरून शाळेला किती शिक्षक द्यायचे हे ठरवताना, ज्याचा आधार जुळला तेच मूल धरले जाते. माझ्यासमोर बसून पाढे म्हणणारे मूल कागदावर नसते, आणि त्याच्यासाठी शिक्षकही नसतो. सक्ती शासनावर असेल, तर आधार जुळवून देण्याचे काम त्या मुलाच्या अडाणी आईचे कसे काय?

अकरावीची विद्यार्थिनी, सोलापूर शहर

येथे सर्व मोठ्या माणसांनी लिहिले आहे, म्हणून आईला विचारून मी लिहीत आहे. 2025 पासून अकरावीचे प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाइन झाले. मला कला शाखेत इतिहास घ्यायचा होता. दर 12 जानेवारीला आजोबा मला हुतात्म्यांना अभिवादन करायला नेत. 1930 मध्ये या शहरात मार्शल लॉ का लागला आणि पुढच्या वर्षी चौघांना फाशी का झाली, हे मी त्यांच्याकडून ऐकत मोठी झाले. अर्ज भरताना पासवर्डचा ओटीपी बाबांच्या मोबाइलवर येत होता. त्यांनी दहाही पसंतीक्रम विज्ञान शाखेचे भरले आणि मला नंतर सांगितले. बाबा माझे वाईट चिंतत नाहीत, हे मला माहीत आहे. सरकारच्या संकेतस्थळावरही माझी संमती विचारणारा रकाना मला कुठे दिसला नाही.

मी रसायनशास्त्राचा अभ्यास मन लावून करते, आणि शनिवारी वाचनालयातून इतिहासाचे पुस्तक आणते. बारावीनंतरच्या अर्जाच्या वेळी मला अठरा वर्षे पूर्ण झालेली असतील, आणि तेव्हा ओटीपी माझ्या मोबाइलवर येईल, असे मी बाबांना आताच सांगून ठेवले आहे.