'द चोझन' नवख्याला दाखवायची तर सुरुवात कुठून?

पायवाट
शुभवर्तमानांवरची (बायबलातल्या, येशूचं चरित्र सांगणाऱ्या चार पुस्तकांवरची) 'द चोझन' ही अमेरिकन मालिका मी बऱ्याच जणांच्या गळ्यात मारली आहे, आणि त्यातले निम्मे पहिल्याच भागात गळाले. दोष त्यांचा नाही. पहिल्या भागात पछाडलेली मग्दालीया मरीया, नीकदेम परुशी (धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी गटातला), मत्तय जकातदार, मारामाऱ्या करणारा कर्जबाजारी शिमोन, वर रोमी अधिकारी असे सगळे एकदम अंगावर येतात आणि येशू उगवतो थेट शेवटी. कफर्णहूम हे गावाचं नाव की माणसाचं, इथपासून ज्याला सुरुवात करायची आहे, त्याची दमछाक होते.

म्हणून माझं मत: आधी तिसरा भाग दाखवावा. जेमतेम अर्ध्या तासाचा. गावाबाहेर मुक्काम टाकलेला येशू आणि त्याच्याभोवती जमणारी पोरं, बस्स. तो सुतारकाम करतो, चेष्टा करतो, पोरांना कामाला लावतो. हा माणूस आवडला की माणसं आपणहून पहिल्या भागाकडे वळतात.

बावखल
साफ असहमत. येशू उशिरा येतो हीच तर पहिल्या भागाची ताकद. आधी मरीयेची दशा बघायची, नीकदेमासारखा विद्वान तिच्यापुढे हात टेकतो ते बघायचं, आणि मग एक अनोळखी माणूस तिला तिच्या खऱ्या नावाने हाक मारतो. आम्हा वसईकडच्यांना लहानपणापासून गोष्ट पाठ, तरी तिथे मी गप्प बसले होते. तुमच्या पाहुण्याने येशूला आधीच पोरांशी खेळताना पाहिलं असेल, तर या हाकेत उरलं काय?

शिवाय दुसरा भाग. शब्बाथाचं, म्हणजे यहुद्यांच्या साप्ताहिक विश्रांतीच्या पवित्र दिवसाचं जेवण, दिवे, आशीर्वाद, श्रीमंताच्या घरचं ताट आणि मरीयेच्या घरचं ताट. पुढे शब्बाथावरून इतके वाद होतात, तो दिवस त्या लोकांना का प्रिय होता हे इथे कळतं. हा भाग गाळून पुढे गेलं की परुशी नुसते खलनायक वाटायला लागतात.

तिरकस
पायवाट, तुम्ही नवख्याला जो भाग दाखवता त्यात शुभवर्तमान किती आहे? ती पोरं, ती मैत्री, तो मुक्काम, सगळं लेखकांनी रचलेलं. आणि गंमत अशी, की पहिल्या भागाच्या सुरुवातीला पाटी येते: काही पात्रं, संवाद आणि पूर्वकथा आमच्या आहेत, काळ-स्थळं एकत्र केली आहेत, मूळ शुभवर्तमानं वाचा. ती पाटीच तुम्ही उडवता.

पायवाट
@तिरकस, रचलेलं म्हणजे खोटं असं कुठे असतं? आपल्याकडे कीर्तनकार आख्यान लावतो तेव्हा रुक्मिणीच्या तोंडी जे घालतो ते कुठल्या पोथीत असतं? ना. वा. टिळकांनी तर ख्रिस्ती कीर्तनच उभं केलं. श्रोत्याला त्यात वावगं वाटत नाही.

तिरकस
वाटत नाही, कारण श्रोत्याला आख्यान आधीच ठाऊक असतं. बुवांनी मीठमसाला कुठे घातला ते त्याला कळतं. तुमच्या नवख्याला ते कळत नाही. शिमोनाची सासू तापाने आजारी होती एवढं मार्कचं शुभवर्तमान सांगतं, म्हणजे बायको होती हे उघड; पण तिचं एदेन हे नाव आणि पुढचा सगळा संसार मालिकेचा. मत्तयाला स्वमग्न (ऑटिस्टिक) दाखवलाय, तेही मालिकेचं. मला ते पात्र सगळ्यांत आवडतं, पण माझ्या ओळखीचे एक काका 'बायबलात मत्तय तसाच होता' असं आता ठासून सांगतात. त्यांना काय दाखवून परत आणणार?

कडूजिरे
प्रेक्षकांनी आधीच पैसे घालून काढलेली मालिका, पहिल्या सीझनलाच एक कोटी डॉलरहून जास्त. आणि वर ॲपवर फुकट. धर्मप्रचाराचा हेतू न कळायला आम्ही दूधखुळे नाही.

बावखल
@कडूजिरे, हेतू लपवलेला कुठे आहे? निर्माते श्रद्धेने करतात आणि तसं सांगतात. दिग्दर्शक डॅलस जेनकिन्स इव्हँजेलिकल (प्रोटेस्टंटांतल्या एका प्रवाहातला), येशू झालेला जोनाथन रूमी कॅथलिक. नको असेल तर बघू नका.

उंबरठा
मी हिंदू घरातली. ही मालिका बघायला लागले ती नीकदेमासाठी. एरिक अवारी हा नट दार्जिलिंगचा पारशी, हे नंतर कळलं. रात्री गुपचूप भेटायला येणारा, सगळं पटलेला, आणि शेवटी सोन्याची थैली ठेवून आडोशाला रडत उभा राहणारा म्हातारा! मग योहानाचं शुभवर्तमान उघडलं. तिथे रात्रीची भेट आहे, थैली नाही. पण पुढे १९व्या अध्यायात हाच माणूस दफनासाठी ढीगभर सुगंधी द्रव्यं घेऊन उघडपणे येतो. मालिकेतल्या कल्पनेनेच मला मुळाकडे नेलं, असं उदाहरण तिरकस यांनी मोजणीत धरावं.

तिरकस
धरलं. पण तुम्ही पुस्तक उघडलंत. काकांनी नाही उघडलं.

शाईपेन
मग आधी मार्क वाचायला द्या ना. १६ अध्याय, एका बैठकीत होतो. नंतर कुठलाही भाग लावा.

पायवाट
@शाईपेन, जो पाऊण तासाच्या भागात गळतो तो १६ अध्याय वाचणार? वाचणाऱ्यासाठी हा धागा नाहीच.

उंबरठा
मला विचाराल तर आठवा भाग. याकोबाची विहीर, तिथे येशूला भेटलेली शमरोनी (यहुदी ज्यांना परके मानत त्या समाजातली) स्त्री. संवाद बराचसा योहानाच्या चौथ्या अध्यायातला, त्यामुळे तिरकसांचा आक्षेप कमी. आणि दोन माणसं विहिरीवर बोलतायत, एवढंच समजायचं आहे.

बावखल
पण तो पहिल्या सीझनचा कळस! शेवटचं ताट आधी वाढायचं?

त्यापेक्षा तिसऱ्या सीझनमधला धाकट्या याकोबाचा प्रसंग घ्या. येशू शिष्यांना लोकांना बरं करायला पाठवतो, तेव्हा हा लंगडत चालणारा शिष्य विचारतो, की माझाच पाय तू बरा केला नाहीस, मी दुसऱ्यांना काय बरं करू? ती भूमिका करणारा नट स्वतः सेरेब्रल पाल्सी (हालचालींवर परिणाम करणारा मेंदूचा विकार) घेऊन जगतो. हा संवाद शुभवर्तमानात नाही. पण घरात आजारपण असलेला कुणीही हा प्रश्न ओळखतो.

तिरकस
म्हणजे सगळ्यात चांगला प्रसंगही रचलेलाच निघाला. मी म्हणत होतो ते हेच.

पायवाट
आणि मीही हेच. रविवारी शेजारच्यांना तिसराच भाग दाखवणार आहे. पाटी उडते हा मुद्दा मात्र खरा, तेवढी आधी तोंडी सांगेन.

तिरकस
सांगा. आणि काकांनाही बोलवा.